चाल हरवली, भाव राहिला: आय. आर. यांचं प्रकरण

‘मला गाण्यातलं काही कळत नाही हो, पण ऐकायला आवडतं.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. म्हणताना आवाज हमखास खाली आलेला असतो, कुणाच्या तरी पंगतीत न बोलावता जेवायला बसल्यासारखा. त्यामागे एक समजूत असते: आधी गाणं कळतं, मग ते भावतं, आणि ज्याला कळत नाही त्याचं भावणं कच्चं. ही समजूत मला लहानपणापासून खटकत आली आहे. तिची खरी परीक्षा एका बाईंच्या मेंदूत झाली. वैद्यकीय लिखाणात त्यांची ओळख ‘आय. आर.’ एवढ्या दोनच अक्षरांनी दिली जाते.

कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या मज्जामानसशास्त्रज्ञ इझाबेल पेरेत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय. आर. यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. १९९७, १९९८, १९९९ आणि २००१ असे त्यांच्याबद्दलचे शोधनिबंध येत गेले आणि दर वेळी आधीच्या निष्कर्षाला एखादा नवा पीळ पडला. म्हणून हे प्रकरण एका दमात सांगण्यासारखं नाही. ते ज्या क्रमाने उलगडलं त्याच क्रमाने सांगते, फक्त एक गोष्ट शेवटासाठी राखून.

काय झालं होतं

आय. आर. यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना फुगे आले होते, ज्यांना अ‍ॅन्युरिझम म्हणतात. फुगा फुटला तर जिवावर बेततं, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते. त्यांच्या बाबतीत हा प्रकार मेंदूच्या दोन्ही बाजूंना होता. जीव वाचला, पण कानांच्या वर, आतल्या बाजूला असलेल्या दोन्ही टेम्पोरल लोबना मोठी इजा झाली. ध्वनीची बारीक उकल जिथे होते तो भाग, म्हणजे श्रवणाचं कॉर्टेक्स (कॉर्टेक्स हा मेंदूचा बाहेरचा थर), त्यात उजवीकडेही गेला आणि डावीकडेही.

दोन्ही बाजू जाणं दुर्मीळ आहे. पक्षाघाताचा झटका सहसा एका बाजूला येतो आणि दुसरी बाजू पुष्कळसं काम सांभाळून घेते. इथे सांभाळून घेणारं कुणी उरलं नव्हतं. बाई बहिऱ्या झाल्या असतील असं वाटेल, पण तसं झालं नाही. त्यांना ऐकू येत होतं. समोरच्याचं बोलणं कळत होतं, स्वतः बोलता येत होतं. बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत होती. गाण्याचे शब्द वाचून दाखवले तर ते कोणत्या गाण्याचे हे त्या सांगू शकत.

गेली ती चाल. लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यांची नुसती धून वाजवली तर त्यांना ती अनोळखी वाटे. दोन धुना एकामागून एक वाजवून ‘या सारख्या की वेगळ्या?’ असं विचारलं तर सांगता येत नसे. गाताही येत नसे. आधी त्या गात नव्हत्या असंही नाही. शब्द तोंडात यायचे, सूर येत नसे.

शास्त्रात याला ‘अम्युझिया’ म्हणतात. काहींना तो जन्मजात असतो, म्हणजे ऐकण्यात, बुद्धीत काही कमी नसताना सूर मात्र पकडता येत नाही. आय. आर. यांचा अम्युझिया नंतर आलेला होता. एकेकाळी त्यांना चाली ओळखता येत होत्या आणि आता येत नव्हत्या, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं.

बोलणं टिकलं, चाल का गेली

इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कानात शिरलेला आवाज आधी कॉक्लिया या गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत पोचतो. नळीच्या आत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा एक पडदा असतो. जाड आवाजाने त्याचं एक टोक जास्त हलतं, बारीक आवाजाने दुसरं. म्हणजे सुरांची प्रतवारी मेंदूत पोचण्याआधी, कानातच सुरू होते. हे काम उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पडद्यावरच्या सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी ही हालचाल विजेच्या संकेतात बदलून मज्जातंतूवर चढवतात. मग मेंदूच्या बुडाशी असलेलं ब्रेनस्टेम, मग मेंदूच्या मध्यातला थॅलॅमस आणि शेवटी टेम्पोरल लोब. वाटेत दोन्ही कानांची माहिती एकत्र होते, आवाज कुठून आला ते ठरतं, दचकायचं असेल तर शरीर दचकूनही घेतं. हे सगळं आय. आर. यांच्यात ठीक चाललं होतं. बिघाड होता तो शेवटच्या मुक्कामावर.

त्या मुक्कामावर बोलणं आणि गाणं यांच्या गरजा वेगळ्या असतात. ‘पाणी दे’ हे वाक्य कुणी खर्जात म्हटलं काय किंवा टिपेत, अर्थ तोच राहतो. बोलणं समजायला आवाजातले झपाट्याने होणारे बदल टिपावे लागतात. ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक काही मिलिसेकंदांचा असतो. चालीचं तसं नाही. ४४० हर्ट्‌झचा सूर सुमारे ४६६ हर्ट्‌झला गेला की अर्ध्या स्वराचा फरक पडतो आणि तेवढ्याने धून दुसरी होते. इथे बारीक मोजपट्टी सुराच्या उंचीची लागते.

२०२० साली माँट्रियलमधल्याच एका गटाने, ज्यात रॉबर्ट झाटोरे होते, हे फार सुंदर रीतीने दाखवलं. दहा वाक्यं आणि दहा चाली एकमेकांशी जोडून त्यांनी शंभर छोटी गाणी गाऊन घेतली. मग ध्वनीतला काळाचा तपशील पुसट केला, तेव्हा लोकांना शब्द कळेनासे झाले, पण चाल ओळखता आली. सुराच्या उंचीचा तपशील पुसट केला तेव्हा चाल गेली आणि शब्द राहिले. शब्द उकलण्यात डावीकडचं श्रवण कॉर्टेक्स पुढे होतं, चाल उकलण्यात उजवीकडचं. एकाच गळ्यातून, एकाच श्वासात आलेलं गाणं मेंदू असं दोन हातांनी उचलतो.

आय. आर. यांच्यात हे दोन हात वेगळे झाले होते, एवढंच म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. १९९७ चा निबंध साधारण तेवढाच होता: भाषा शाबूत, संगीत गेलेलं, असा आणखी एक रुग्ण. पण संशोधकांच्या लक्षात एक विसंगती आली होती. ज्या बाईंना एक चाल दुसरीपासून वेगळी काढता येत नव्हती, त्या सांगत होत्या की मला अजूनही संगीत ऐकायला आवडतं.

चूक कळेना, उदासी कळली

कुणी म्हटलं असतं, सवयीचा भाग आहे, पूर्वी आवडायचं म्हणून अजून आवडतं म्हणतात. पेरेत्झ यांनी ते वाक्य तसंच सोडून न देता त्याची चाचणी बसवली. १९९८ चा निबंध सहा प्रयोगांचा आहे.

प्रयोगाची मांडणी साधी होती. पाश्चात्त्य अभिजात संगीतातले छोटे तुकडे निवडले, काही आनंदी, काही उदास. वाद्याच्या रंगावरून कुणी अंदाज बांधू नये म्हणून सगळे पियानोच्याच आवाजात केले. ऐकणाऱ्याने एका पट्टीवर खूण करायची: हे किती उदास, किती आनंदी. आय. आर. यांच्या खुणा निरोगी माणसांच्या खुणांशी जुळल्या. त्या चाचपडल्या नाहीत. जवळपास जुळल्या असंही म्हणायची गरज नाही, कारण त्यांची उत्तरं सामान्य श्रोत्यांच्या उत्तरांच्या पंक्तीतलीच होती.

मग त्याच प्रकारच्या तुकड्यांवर त्यांना दुसरा प्रश्न विचारला: हे दोन तुकडे एकच आहेत की यात काही बदललंय? कुठे चूक आहे का? इथे त्या अडखळल्या. सामान्य श्रोत्याला टोचावी अशी चूक त्यांच्या लक्षात येत नव्हती.

१९९९ च्या निबंधात हा विरोध आणखी टोकदार झाला. धुना त्याच, प्रश्न दोन. ‘ही ओळखीची आहे का?’ याला बरोबर उत्तर येत नसे. ‘ही आनंदी की उदास?’ याला येत असे. म्हणजे एखादी धून त्यांच्यासाठी पूर्ण परकी होती, तरी तिचा भाव परका नव्हता.

हे निष्कर्ष वाचून मी एक प्रयोग करून पाहिला, तुम्हीही करा. न ऐकलेल्या गाण्यांची यादी लावायची आणि दर गाण्याचं पहिलं चिमूटभर ऐकून लगेच थांबवायचं. गाणं कुठलं, गाणारं कोण, पट्टी कुठली, काहीच समजत नाही. पण हे पळतंय की बसलंय, हसरं आहे की हिरमुसलेलं, हे बहुतेक वेळा समजतं. १९९८ च्या प्रयोगांत तुकडे अर्ध्या सेकंदापर्यंत छाटले तरी निरोगी श्रोते आनंदी-उदास वेगळे काढू शकत होते. भाव कळायला चाल पूर्ण व्हावी लागत नाही. ती सुरू झाली न झाली तोवर मेंदूचा कौल ठरलेला असतो.

कशावरून कळत होतं?

मला या प्रकरणातला सगळ्यांत मौल्यवान भाग हा वाटतो आणि बहुतेक जण तो घाईत ओलांडतात.

सोपी उपपत्ती अशी: भावना मेंदूच्या खोल, आदिम भागात असते, तिला विचार करणाऱ्या कॉर्टेक्सची गरज नसते, म्हणून कॉर्टेक्सला इजा होऊनही ती टिकली. कळणं वरच्या मजल्यावर, वाटणं तळघरात. हे ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. ते आय. आर. यांच्याच उत्तरांतून दिसतं.

त्या आनंदी-उदास ठरवत होत्या कशावरून? संशोधकांनी तुकड्यांमध्ये दोन गोष्टी बदलून पाहिल्या. एक लय: सगळे तुकडे एकाच गतीने वाजवले, म्हणजे ‘जलद म्हणजे आनंदी’ हा आधार काढून घेतला. दुसरी गोष्ट स्वरसप्तकाची जात: मेजरमधला तुकडा मायनरमध्ये आणि मायनरमधला मेजरमध्ये नेला. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य फरक गंधाराचा, शुद्धच्या जागी कोमल. काही तुकड्यांत दोन्ही बदल एकदम केले. लय काढून घेतली तेव्हा इतर श्रोत्यांचे कौल जसे डळमळले तसेच आय. आर. यांचे डळमळले. गंधार बदलला तेव्हाही तेच.

आता गंमत बघा. शुद्ध आणि कोमल गंधारात अंतर किती? अर्धा स्वर. ज्या बाईंना समोर ठेवलेल्या दोन धुनांमधला फरक सांगता येत नव्हता, त्यांचा कौल अर्ध्या स्वराच्या फरकाने हलत होता.

बरं, कोमल गंधार म्हणजे उदास हे काही जन्मजात ज्ञान नाही. २००१ साली मुलांवर झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांची मुलं फक्त लयीवरून आनंदी-उदास ठरवत होती. सहा ते आठ वर्षांची मुलं लय आणि मेजर-मायनर दोन्ही वापरत होती. लय आधी येते. तिचं नातं चालण्याशी, धावण्याशी, थकलेल्या माणसाच्या बोलण्याशी आहे. गंधाराचा अर्थ मात्र कानावर पडून पडून, आपापल्या संगीतातून शिकावा लागतो. (आपल्याकडे कोमल गंधार असलेले राग काही सगळे रडवे नसतात. पाश्चात्त्य संगीतातला हा संकेत जगाचा नियम समजू नये.)

म्हणजे आय. आर. यांच्यात जे टिकलं होतं ते निव्वळ आदिम नव्हतं. त्यात शिकलेलं होतं, वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातून मुरलेलं होतं. त्यांचा मेंदू संगीताबद्दल पुष्कळ काही ‘जाणत’ होता, पण ती जाण ‘ही कुठली धून?’ या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचत नव्हती. ‘कसं वाटतं?’ या प्रश्नापर्यंत मात्र पोचत होती. म्हणून मी म्हणते, त्यांना कळत नव्हतं पण वाटत होतं, असं झालेलंच नाही. वाटणं हेच त्यांच्यात उरलेलं कळणं होतं.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण अशी मुकी जाण मेंदूच्या विजेत टिपलेली आहे. २००९ मध्ये पेरेत्झ आणि त्यांच्या फिनलंडमधल्या सहकाऱ्यांनी जन्मजात अम्युझिया असलेल्या लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना धुना ऐकवल्या. मध्येच एखादा सूर पाव स्वराने ढळलेला असे. विचारलं तर ते म्हणत, काही खटकलं नाही. पण सूर ढळल्यावर सुमारे दोन दशांश सेकंदात त्यांच्या मेंदूत लहर उठत होती. फरक टिपणारी पहिली लहर होती. ‘टिपलं’ याची जाणीव होताना उठणारी नंतरची लहर नव्हती. मेंदूने ऐकलं होतं, माणसापर्यंत निरोप गेला नव्हता.

आणि मग जे टिकलं नाही ते

इतकं झाल्यावर वाटेल की आय. आर. यांच्या संगीतातल्या सगळ्याच भावना वाचल्या. मीही पहिल्यांदा वाचताना तशीच सुखावले होते. २००१ च्या निबंधाने ते सुख काढून घेतलं.

या वेळी प्रश्न होता विसंवादाचा. दोन सूर एकत्र वाजले की काही जोड्या गोड लागतात, काही कानात दात रोवल्यासारख्या टोचतात. संशोधकांनी संगीताचे तुकडे घेतले आणि त्यातली वरची मुख्य धून अर्ध्या स्वराने सरकवली. साथ जिथल्या तिथे, धून मात्र एका बाजूला कललेली. लय तीच, चालीची वळणं तीच, तरी सगळं कडवट. निरोगी श्रोत्यांनी अशा तुकड्यांना लगेच अप्रिय ठरवलं.

आय. आर. यांना दोन्ही सारखेच वाटले. कलतं काही त्यांना टोचलंच नाही. त्याच तुकड्यांवर ‘आनंदी की उदास’ विचारलं तर उत्तर बरोबर, ‘सुखद की त्रासदायक’ विचारलं तर फरक नाही. निबंधाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘विसंवादाचं कॉर्टिकल बहिरेपण’ असं होईल.

तळघराची उपपत्ती इथे कोसळते. विसंवादाचा त्रास इतका शारीरिक असतो की तो खालच्या खालीच होत असेल असं कुणालाही वाटावं. पण तो व्हायला आधी कॉर्टेक्सला दोन सुरांमधली कडवट घासाघीस उकलावी लागते. ती उकल करणारी जागा दोन्हीकडे गेली, तर दात खुपतच नाहीत. लय आणि गंधाराची उकल काही प्रमाणात उरली होती, म्हणून उदासी उरली. विसंवादाची उकल उरली नव्हती, म्हणून त्रासही उरला नाही. भाव हवेत तरंगत नव्हता. जेवढी उकल शिल्लक, तेवढाच भाव शिल्लक.

(विसंवाद सगळ्यांनाच जात्या नकोसा वाटतो का, हा वाद वेगळा आहे. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी सूर वेगळे ओळखता येतात, पण दोन्ही सारखेच आवडतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. आय. आर. यांची गोष्ट निराळी. इजा होण्याआधी त्या पाश्चात्त्य संगीत ऐकत मोठ्या झाल्या होत्या. त्यांच्यात आवडनिवड नव्हे, उकलच पुसली गेली होती.)

आरशातला रुग्ण

एका रुग्णावरून ‘ओळख आणि भाव वेगळे आहेत’ म्हणणं धाडसाचं आहे. कदाचित ओळख हे अवघड काम असेल आणि भाव सोपं. थकलेल्या मेंदूला अवघड जमत नाही, सोपं जमतं, इतकंच असेल. ही शंका रास्त आहे. ती फेडायला उलटा रुग्ण लागतो: ज्याची ओळख शाबूत पण भाव गेलेला.

तो मिळाला. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या टिमोथी ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी ५२ वर्षांच्या एका रेडिओ निवेदकाचं प्रकरण नोंदवलं. पक्षाघाताने त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इन्सुला नावाच्या भागाला इजा झाली होती आणि ती अमिग्डला या भावनांशी निगडित भागापर्यंत पोचली होती. झटक्याआधी तो काम संपवून घरी आला की रशियन संगीतकार रखमानिनॉफचे पियानो प्रिल्यूड, म्हणजे छोट्या रचना, लावून बसायचा आणि त्यात हरवून जायचा. झटक्यानंतर तेच प्रिल्यूड तो नीट ऐकू शकत होता, सूर-ताल पारखण्याच्या चाचण्यांतही कमी पडत नव्हता. पण अंगावर काटा येत नव्हता. इतर गोष्टींतली मजा परत आली, संगीतातली आली नाही.

मला त्याची अवस्था आय. आर. यांच्याहून जड वाटते. त्यांच्या घरातली पाट्या-फलकं गेली होती, पण दिवा जळत होता. याच्याकडे पाट्या जागच्या जागी होत्या, दिवा विझला होता.

अंगावर येणाऱ्या त्या काट्याचं मेंदूतलं बिऱ्हाड आता बरंच माहीत आहे. २०११ मध्ये माँट्रियलमध्येच व्हॅलोरी सालिमपूर, झाटोरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवडत्या संगीतातला उत्कट क्षण जवळ येऊ लागला की मेंदूच्या कॉडेट या भागात डोपामाइन हे सुखाशी, ओढीशी निगडित रसायन वाढतं आणि क्षण आला की न्यूक्लियस अक्युम्बन्स या दुसऱ्या भागात. वाट पाहण्याला एक जागा, भेटण्याला दुसरी. डोपामाइनची हीच यंत्रणा भूक लागल्यावर अन्न समोर आलं की जागी होते. संगीत पोट भरत नाही, जीव वाचवत नाही, तरी मेंदू त्याची वाट असल्या गोष्टींसारखी बघतो. काही लोकांमध्ये हा दुवा मुळातच अशक्त असतो. बार्सेलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे निरोगी लोक अभ्यासले ज्यांना पैसे जिंकल्याचा आनंद होतो, संगीत उदास की आनंदी हेही ओळखता येतं, पण संगीतातून सुख मिळत नाही. आवडत नाही म्हणणाऱ्या माणसाला रुक्ष ठरवणं आपण थांबवायला हवं, हे मला त्या निबंधाने शिकवलं.

एक आक्षेप, जो मला अजून सुटत नाही

आय. आर. यांच्या प्रयोगांवर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. पट्टीवर ‘उदास’ अशी खूण करणं म्हणजे उदास होणं नव्हे. माणूस रडणाऱ्याचा फोटो बघून ‘हा दुःखी आहे’ असं कोरडेपणी सांगू शकतो. बार्सेलोनातले ते लोक नेमकं हेच करत होते. मग आय. आर. भाव ओळखत होत्या की अनुभवत होत्या? त्या संथ लय आणि कोमल गंधार यांची बेरीज करून उत्तर देत होत्या, की खरोखर काही हलत होतं?

संगीत आवडतं असं त्या म्हणत होत्या, पण ते त्यांचं म्हणणं झालं. प्रयोगातल्या खुणा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतात आणि प्रश्नात शब्द आधीच दिलेले असतात. ‘आनंदी’ आणि ‘उदास’ हे दोन डबे समोर ठेवले की माणूस वस्तू कुठल्यातरी एका डब्यात टाकतोच. शिवाय संगीताचे भाव काही दोन नसतात. पोकळ, गंभीर, आर्त, खेळकर, शांत यांपैकी काय काय टिकलं होतं, हे त्या पट्टीतून दिसत नाही. १९९९ च्या एका अभ्यासात कॅनडातल्या, राग कधी न ऐकलेल्या श्रोत्यांना हिंदुस्तानी रागांतला आनंद, दुःख आणि क्रोध ओळखता आला, पण शांत भाव ओळखता आला नाही. परक्या संगीतातही काही भाव लगेच उघडतात, काही बंदच राहतात. आय. आर. यांच्यासाठी एका अर्थी सगळंच संगीत परकं झालं होतं.

म्हणून या प्रकरणात मी ज्या एका प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येते तो आलेखात नाही. आय. आर. यांना त्यांच्याच संग्रहातली एक रेकॉर्ड लावून दिली गेली. अल्बिनोनी या जुन्या इटालियन संगीतकाराच्या नावावर ओळखला जाणारा तो प्रसिद्ध अदाजिओ, म्हणजे संथ लयीची रचना. (नावावर म्हणते, कारण तो मुळात विसाव्या शतकातल्या रेमो जिआझोत्तो या अभ्यासकाने रचलेला आहे. १९५८ मध्ये तो छापला गेला.) संथ, जड पावलांनी उतरत जाणारं संगीत. बाईंनी ते ऐकलं आणि सांगितलं की हे मी आधी कधी ऐकलेलं नाही.

चाचणी म्हणून पाहिलं तर उत्तर चुकलं होतं आणि तिथेच संपलं होतं. ते संगीत मात्र त्यांच्यासाठी संपलं नव्हतं. त्यांनी पुढे जे सांगितलं त्याचा आशय असा: हे ऐकून मला उदास वाटतंय, आणि ही उदासी मला अल्बिनोनीच्या अदाजिओची आठवण करून देतेय.